मला? बॅग भरायला?

नाही, पण शर्ट ‘ती’ कशी असेल हो? तुम्हीच सांगा ना! हा मी घातलाय तो बघा... बघा, नीट बघा... कॉलर आहे, बटणं आहेत, खिशात चष्मा आहे, आत एक अख्खा पुरुष आहे, निवृत्त असला तरी पुरुष आहे! आणि त्या इटालियनच्या बाई मला तोंडावर सांगतात, "काका, शर्ट ती. ला कामीचा." कामीचा! कामाचा नाही, कामीचा! बरं, म्हटलं असेल, परकी भाषा आहे, तिचं घर, तिचे नियम, आपण कोण बोलणार. पण मग बायकांचं ते आतलं... आता चारचौघांत कसं सांगू... ते हो, वरचं! ते म्हणे पुल्लिंगी! तो! म्हणजे माझा शर्ट ती, आणि ते... तो! मी पेन खाली ठेवलं. म्हटलं बाई, एक काहीतरी ठरवा, नाहीतर मी असाच उठून घरी जातो!

तर तुम्हाला सांगतो, मुळात मला इटालियन शिकायचं काही कारणच नव्हतं. लेकीला होतं. ती शिकली, तिकडे नोकरीला लागली, तिकडच्याच मुलाशी लग्न केलं, झालं. जावई सोन्यासारखा आहे. त्याला मराठीतला एक शब्द येतो, ‘बसा’. मी उभा असलो तरी ‘बाबा, बसा’, बसलेलो असलो तरी ‘बाबा, बसा’, आणि जिना चढत असलो तरी... पण प्रेमाने म्हणतो हो! प्रश्न जावयाचा नाहीच. प्रश्न विहीणबाईंचा. विहीणबाईंना इटालियन सोडून दुसऱ्या भाषेतलं एक अक्षर येत नाही. आणि लेकीला दिवस गेले. म्हणजे आम्ही दोघं जाणार, राहणार विहीणबाईंच्याच घरी, लेक आणि जावई खालच्या मजल्यावर, आम्ही वरच्या मजल्यावर विहीणबाईंसोबत. आमची ही म्हणाली, "तिथे जाऊन मी काय मुक्याने बसू? ते काही नाही, आपण क्लास लावायचा." आपण! आमच्या घरात ‘आपण’ म्हणजे कोण, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

क्लास कुठे, तर दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यावर. वर आम्ही बाकावर, खाली ते यंत्र... घुर्रर्र... आणि मधूनच एखादा पेशंट "आऽऽऽ!" आणि बाई वरून, "छान! आ! तोंड असंच उघडायचं, आ!" वर्गात आम्ही दोघं आणि एक लग्न ठरलेलं जोडपं. ते जोडपं एकमेकांकडेच बघत बसायचं, त्यामुळे बाईंना विचारायला गिऱ्हाईक एकच. मी!

आता मला सांगा, परक्या देशात गेल्यावर माणसाला पहिलं काय लागतं? पाणी लागतं. भूक लागली तर जेवायला लागतं. आणि वय झाल्यावर, सगळ्यांत आधी, संडास कुठे आहे हे कळायला लागतं! तुम्ही हसताय, पण खरं आहे ना? मी पुस्तक उघडलं. धडा पहिला. ‘प्रवासाची बॅग भरणे.’

मी म्हटलं, "बाई, हे काय?"

"काका, आधी बॅग भराल, मग निघाल, मग पोचाल. सगळं क्रमाने शिकायचं."

"बाई, संडास कितव्या धड्यात आहे?"

"येईल ना काका. घाई काय?"

घाई काय! आता यावर काय बोलणार? आणि मला वाईट कशाचं वाटलं, सांगू? दुसऱ्या कुणाला शिकवलं असतं तर एक वेळ ठीक. मी, ज्याने उभं आयुष्य दिव्यांच्या कारखान्यात डिस्पॅचला काढलं, काचेची झुंबरं, लोलकन् लोलक वेगळा कागदात गुंडाळून, भुशात बसवून, वर पुठ्ठा, कडेने पेंढा, सुतळीची गाठ अशी की सोडवणाऱ्याने मनात नमस्कार करावा... झुंबरं बोटीने सातासमुद्रापार गेली, मी कारखान्याच्या फाटकाबाहेर गेलो नाही ती गोष्ट वेगळी... त्या मला, माझ्या लेकीच्या वयाची बाई सांगणार, मोजे बुटात घाला म्हणून? मला? बॅग भरायला?

बरं, भरायला तरी शिकवा! तेही नाही. तिकडे बॅग भरतच नाहीत. करतात! फारे ला वालीजा. बॅग करणे! मी म्हटलं, "बाई, बॅग बाजारात करून मिळते, आपण फक्त भरतो." तर म्हणाल्या, "काका, म्हणा. फाच्चो, फाय, फा, फाच्चामो, फाते, फान्नो." मी करतो, तू करतोस, तो करतो, आम्ही करतो... अहो, आमच्या घरी सगळं मीच करतो, मला पहिलं रूप पुरे आहे, बाकीची पाच कशाला? मग ठेवणे. मेत्तो, मेत्ती, मेत्ते. मग घडी घालणे. प्येगो, प्येगी, प्येगा. मग काढणे, तोल्गो. तोल्गो! म्हटलं बाई, तोल गेलाच आता माझा! खालून पेशंट, "आऽऽऽ!" मी म्हटलं, बघा, त्यालाही पटलं.

आणि ही? ही माझ्या शेजारी बसून पोपटासारखी, मेत्तो मेत्ती मेत्ते, प्येगो प्येगी प्येगा... वर माझ्याकडे असा कटाक्ष, की वर्गात ढ मुलाच्या आईने बघावं! मी तो लिंगाचा मुद्दा सोडायला तयार नव्हतो. म्हटलं, कपड्याला कसलं आलंय लिंग? तशा बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "काका, मराठीत शर्ट?" म्हटलं, तो. "पँट?" ती. "आणि वर जाकीट?" ...ते. "म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर तिन्ही लिंगं. त्याबद्दल कधी कुणाशी भांडलात?" सगळे हसले. ते जोडपंसुद्धा हसलं, ज्यांना आपण कुठे बसलोय हेही माहीत नव्हतं! आता हा काय वाद घालायचा प्रकार झाला? स्वतःच्या भाषेला माणूस प्रश्न विचारतो का? स्वतःच्या आईला कुणी विचारतं का, तू आईच का म्हणून?

त्यावर कळस सांगतो. एके दिवशी बाई म्हणाल्या, आज प्रात्यक्षिक. खरीखुरी बॅग आणा, वर्गासमोर भरा आणि भरताना प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणा. हिने बॅग आणली. मी उभा राहिलो. म्हटलं, "ओज्जी फाच्चो ला वालीजा." ओज्जी म्हणजे आज. हा एकच शब्द मला चटकन पाठ झाला, आज्जीसारखा वाटला म्हणून. आज मी बॅग करतो. ठीक. हिने एकेक वस्तू हातात द्यायची, मी नाव घ्यायचं आणि ठेवायचं. मोजे दिले, ‘काल्त्सीनी’. बायकांचा झोपायचा गाऊन दिला, ‘कामीचा दा नोत्ते’, रात्रीची शर्ट. आणि मग हिने, काहीही न बघता, वर्गात, परक्या माणसांसमोर, माझी चड्डी हातात दिली! मी ती मुठीत दडवली. बाई म्हणतात, "काका, शब्द?" मी मूठ पाठीमागे नेली. "काका, लाजायचं नाही, वस्तू आहे. म्हणा... मूतांदे!"

काय?

"मूतांदे! चड्डीला मूतांदे म्हणतात."

आता तुम्हीच सांगा! मी भाषेचा अभ्यासक नाही, पण जगात आजवर कुठल्या वस्तूला इतकं नेमकं नाव कुणी ठेवलंय का? मला हसू आवरेना, हिला आवरेना, ते जोडपं एकमेकांच्या खांद्यावर, बाईंना कळेना काय झालं, कारण बाईंनी तो शब्द मराठी कानाने कधी ऐकलाच नव्हता! आणि ऐकला तेव्हा... पुस्तकात तोंड घालून बसल्या बिचाऱ्या. तेवढा एक दिवस मला तो क्लास आवडला. पण एक दिवसच. घरी येताना परत डोकं तापलं. अहो, मला? बॅग भरायला?

पुढे काय झालं, तर निघायची तारीख आली आणि आम्ही पहिल्याच धड्यात! संडास आलाच नाही. पाणी नाही, रस्ता नाही, नातीगोती नाहीत, दवाखाना नाही. ही म्हणते, "तुम्ही प्रत्येक शब्दाशी हुज्जत घालत बसलात, मग पुढे सरकणार कसे?" म्हणजे यातही माझंच चुकलं! असो.

गेलो. विहीणबाई दारातच. उंच, धिप्पाड, हात असे की एका हाताने मला आणि एका हाताने माझी बॅग उचलतील. आणि बोलणं! अहो, उघडा नळ बरा, त्याला मध्ये हवा तरी लागते. त्या बोलायच्या, मी हसायचो. लेक मध्ये बसून सांगायची, "बाबा, त्या विचारतायत झोप लागली का," "बाबा, त्या विचारतायत उशी उंच होते का." सगळं गोडीगुलाबीत. पण एक दिवस काय झालं, मी आंघोळीला गेलो आणि येऊन बघतो तर माझे शर्ट कपाटातून काढून विहीणबाईंनी नव्याने घड्या घालून ठेवलेले! बाही पाठीमागे, मधून दुमडून, चौकोनी! मला? घड्या? मी सगळे शर्ट मोडले, परत माझ्या पद्धतीने लावले. वळून बघतो तर विहीणबाई दारात उभ्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बाई, एक शब्द बोलल्या नाहीत, म्हणजे लक्षात घ्या!

दुसऱ्या दिवशी लेकीची डॉक्टरकडे नेहमीची तपासणी. दिवस भरायला अजून अवकाश होता. ती, जावई आणि ही, तिघं गेले. मला म्हणाले, तुम्ही घरी थांबा, तिथे उगाच डॉक्टरशी हुज्जत घालाल. बसलो. तासाभराने फोन. हिचा. आवाजच वेगळा.

"अहो, तिचं ब्लडप्रेशर वाढलंय. ठेवून घेतलंय. आजच बाळंतपण करणार म्हणतायत. तुम्ही विहीणबाईंना घेऊन या, त्यांच्या गाडीने. आणि तिची बॅग भरून आणा, बाळाचे कपडेसुद्धा, काही म्हणजे काही भरलेलं नाहीये."

"मी... विहीणबाईंना मी सांगू? तू सांग की फोनवर."

"त्या फोन उचलत नाहीयेत, बागेत असतील. आणि आतून मला बोलावतायत. ती सारखी बाबा कुठेत म्हणतेय, या लवकर!" आणि ठेवला.

फोन तसाच हातात. बागेत धावलो. विहीणबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तोंड उघडलं... आणि आत काही नाही! दवाखान्याला काय म्हणतात? नाही माहीत. बाळ? नाही माहीत. मुलगी? सून? येईल ना काका, घाई काय! मला काय येतं? मला बॅग येते! मग तेच बाहेर पडलं, शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखं, एका दमात, "ओज्जी फाच्चो ला वालीजा!"

आज मी बॅग भरतो.

विहीणबाईंच्या हातातला चिमटा पडला. त्यांना काय वाटावं? पाहुणा रागावला! काल शर्टाच्या घड्या घातल्या म्हणून व्याही घर सोडून निघाले! "नो! नो नो नो! पेर्के?" का, का म्हणून विचारतायत, डोळ्यांत पाणी. माझा हात धरला. मी म्हणतोय तसं नाही हो, तसं नाही, मराठीत म्हणतोय, आणि खालच्या मजल्यावर धावतोय, त्या माझ्या मागे. मी लेकीच्या खोलीत शिरलो, बॅग ओढली, कपाट उघडलं, गाऊन काढला. म्हटलं आता तरी समजेल, "मेत्तो ला कामीचा दा नोत्ते!" गाऊन ठेवतो! आणि झालं काय? त्यांना वाटलं, हा स्वतः तर चाललाच, वर सुनेला पण माहेरी घेऊन चालला! तेही अशा दिवसांत! त्या बाईचा चेहरा असा बदलला... रडणं बंद. गाऊन हातातून ओढून घेतला, परत कपाटात. आणि जाऊन दारात उभ्या राहिल्या. दोन्ही हात चौकटीला. आता जाऊन दाखव!

मी कसा जाणार? त्या दारातून हत्ती गेला नसता! तिकडे माझी लेक बाबा बाबा करतेय, आणि इकडे मी गाऊन काढून परत बॅगेत ठेवतो, त्या दारातूनच ओरडतात, मेत्तो! नो! मेत्तो! नो! शेवटी काय झालं, ऐका. ज्या हातांनी एक लोलक कधी फुटू दिला नाही, त्याच हातांनी खालचा खण ओढला तर तो सगळाच बाहेर आला, आणि आतलं सगळं जमिनीवर सांडलं. आणि त्यात ते मोजे. लोकरीचे. माझ्या अंगठ्यावर बसतील एवढे. विहीणबाईंनीच विणलेले, आम्ही आल्या आल्या दाखवले होते त्यांनी.

मी उचलले. दोन बोटांत धरले, त्यांच्यासमोर. म्हटलं, "काल्त्सीनी." त्या बघताहेत. "काल्त्सीनी... ओज्जी." त्यांना कळेना. मी ओरडलोच, "ओज्जी! ओज्जी! अहो, ओज्जी!" आणि तुम्हाला खरं सांगतो, आज म्हणत होतो की आज्जी म्हणत होतो, ते माझं मलाच कळत नव्हतं. फोन दाखवला, पोटावर हात फिरवला, मोजे हलवले, ओज्जी!

विहीणबाईंचे हात चौकटीवरून खाली आले. एक हात तोंडावर गेला. हळू आवाजात, जसं काही कुणी झोपलंय खोलीत, म्हणाल्या, "ओज्जी?"

म्हटलं, होय. ओज्जी.

त्या मटकन पलंगावर बसल्या. बसल्या म्हणजे किती, डोळे पुसण्यापुरत्या. मग जे उठल्या! अहो, वादळ बरं! "मेत्ती! प्येगा! नो, तोल्यी! तोल्यी!" ठेव, घडी घाल, नको, काढ! आणि तुम्हाला सांगतो, प्रत्येक शब्द कळत होता मला, प्रत्येक! आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाचं परक्या भाषेतलं बोलणं सरळ आत जात होतं, दातांत न अडकता. त्या सांगतायत, मी करतोय. मी दुपटं माझ्या पद्धतीने दुमडलं तर हातावर चापट, चौकोनी हवं, चौकोनी! म्हटलं घ्या चौकोनी! एरवी मी ऐकलं असतं? मला? बॅग भरायला? पण त्या दिवशी भरली मी, त्यांच्या पद्धतीने, मुकाट्याने. "क्यूदी!" बंद कर. केली. चेन लावली. बॅग अशी झाली होती, अशी, की माझ्या कारखान्यातल्या साहेबांनी येऊन बघावी.

गाडीत बसलो. विहीणबाईंनी गाडी अशी हाकली की रस्त्यावरच्या लोकांनी माझ्याकडे दयेने बघितलं. रस्ताभर त्या बोलत होत्या आणि मी "ओज्जी, ओज्जी" म्हणत होतो. दवाखान्यात पोचलो, जिना चढलो, दारात जावई. मला बघितल्यावर म्हणाला, "बाबा, बसा." आणि स्वतःच बसला, जमिनीवर, हसत आणि रडत. आतून रडण्याचा आवाज. बारीक. पण चिडलेला! अगदी तक्रारीच्या सुरात! म्हटलं, हे आमच्याकडचं दिसतंय.

नात झाली. लेक ठीक. दमलेली, पण ठीक. मला म्हणाली, "बाबा, किती उशीर." मी तिच्या कपाळावर हात ठेवला, आता तिला काय सांगू की मी दारात अडकलो होतो, आणि कशामुळे अडकलो होतो.

तेवढ्यात ही बाहेर आली. डोळे लाल, पण आवाज ठणठणीत.

"बॅग कुठाय?"

मी विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात रिकामे. माझेही दोन्ही हात रिकामे. बॅग, ती सुंदर बॅग, चौकोनी घड्यांची, चेन लावलेली, घरी पलंगावर.

आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, कोण जाणे कुठून, माझ्या तोंडून एक आख्खं वाक्य आलं. भूतकाळ बरोबर, अनेकवचन बरोबर, लिंग बरोबर, "आब्बियामो दिमेंतिकातो ला वालीजा." आम्ही बॅग विसरलो. विहीणबाईंनी टाळी वाजवली हो! ही कपाळाला हात लावून बसलीय, नात दवाखान्याच्या चादरीत गुंडाळलेली, आणि विहीणबाई मला मिठी मारून नर्सला सांगतायत, म्हणजे काय सांगतायत ते नंतर लेकीकडून कळलं, की आमच्या व्याह्यांना किती सुंदर इटालियन येतं!

झालं! भोगतोय आता! त्यांचा पक्का समज झालाय की मला सगळं कळतं. सकाळी मी खुर्चीत बसलो की त्या समोर खुर्ची ओढतात आणि सुरू. गेलेल्या नवऱ्याचं दुखणं, शेजारणीची भांडणं, सरकार, गुडघे, काय काय असेल, मला काय माहीत! मध्ये मोजा आला तर कळतो, बाकी अंधार. मी मान हलवतो. त्या थांबल्या की "हं" म्हणतो. त्या हसल्या की हसतो, डोळे पुसायला लागल्या की रुमाल पुढे करतो. ही लांबून बघते आणि म्हणते, "लाज नाही वाटत? एक शब्द कळत नाही, आणि तासन्‌तास नुसती मान हलवताय!"

आता हिला काय सांगू? अगं, इतकी वर्षं तू बोलतेस ते सगळं मराठीत होतं, शब्दन् शब्द कळत होता... तेव्हा तरी मी दुसरं काय करत होतो?